सात दिवसांचा परदेशप्रवास : स्थळ कोणतें निवडावें ?

विद्यार्थिमित्रहो, परदेशीं कोठें जावेंसें वाटतें, असा प्रश्न कोणत्याहि वर्गांत विचारला असतां क्षणार्धांत दहा देशांचीं नांवें ऐकूं येतात. कोणी स्वित्झर्लंड म्हणतो, कोणी दुबई, कोणी लंडन, तर कोणी सिंगापूर. परंतु ‘तेंच कां ?’ असें पुढें विचारलें, म्हणजे वर्ग शांत होतो. चित्रपटांत पाहिलेला बर्फ, एखाद्या नातलगानें मोबाईलवर पाठविलेलें छायाचित्र, किंवा प्रवासकंपनीच्या जाहिरातींतील निळें पाणी, एवढ्याच आधारावर आपलें स्वप्न पुष्कळदां उभें असतें. स्वप्न पाहण्यास कोणाचीच ना नाहीं. मात्र तें उसनें असूं नये. कुरकुंभ-दौंडकडील बहुतेक घरांत परदेशप्रवासास लागणारा पैसा उसाच्या बिलांतून, कारखान्याच्या पगारांतून किंवा रेल्वेच्या नोकरींतून वर्षानुवर्षें सांठविलेला असतो. तो सात दिवसांत खर्चावयाचा, तर कशासाठीं, याचा विचार घरून निघण्यापूर्वींच झाला पाहिजे. तो कोणत्या क्रमानें करावा, हें सांगणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्या तालुक्यास परदेशप्रवास अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. केडगांवीं ज्यांनीं मुक्तिसदन वसविलें, त्या पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या, तेथून १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या, आणि १८८९ सालीं स्वदेशीं परतल्या. परतल्यावर त्याच वर्षीं त्यांनीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या, त्या जून महिन्यांत न्यूयॉर्कला पोंचल्या. एकीस वैद्यकाचें शिक्षण घ्यावयाचें होतें. दुसरीस परदेशांतील शिक्षणाची व्यवस्था पाहून येथील निराधार स्त्रियांसाठीं शाळा काढावयाची होती. जावयाचें कोठें, हें त्या दोघींच्या बाबतींत त्यांच्या कार्यानें ठरविलें. आज तोच समुद्र विमान कांहीं तासांत ओलांडतें, आणि आपण जातों तेंहि वर्षांसाठीं नव्हे, तर आठवड्यासाठीं. वेळ जितका थोडा, तितकी निवड अधिक विचारपूर्वक करावी लागते.

प्रथम सात दिवसांचा हिशेब मांडूं. त्यांपैकीं जाण्याचा एक व येण्याचा एक असे दोन दिवस वाटेंतच खर्ची पडतात. हातीं उरतात ते पांच. कुरकुंभहून मुंबईचा विमानतळ गांठावयाचा म्हणजे पुणें ओलांडून पांचसहा तास मोटारींत बसणें आलें, आणि विमान सुटण्यापूर्वीं तीन तास तेथें हजर असणें आलें. त्यापुढें अमेरिकेस जावयाचें तर प्रवासाचा जवळजवळ एक संबंध दिवस लागतो. शिवाय न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्या मागें साडेनऊ ते साडेदहा तास असतें. आपली मध्यरात्र ती तेथील दुपार. ही उलटापालट शरीराच्या अंगवळणीं पडण्यास कित्येक दिवस लागतात, आणि ती अंगवळणीं पडते न पडते तोंच परतीचा दिवस उजाडतो. म्हणून पहिला नियम असा कीं, सात दिवसांच्या प्रवासास सातआठ तासांच्या आंतील विमानाची वाट व दोनतीन तासांच्या आंतील घड्याळाचा फरक असलेला देश बरा.

दुसरा हिशेब विस्ताराचा. एका आठवड्यांत तीन देश व सात शहरें दाखविणाऱ्या सहली निघतात. त्यांत बसच्या खिडकींतून पाहणें पुष्कळ होतें व खालीं उतरून पाहणें थोडें होतें. परत आल्यावर कोणता मनोरा कोणत्या शहरांत होता, हेंहि छायाचित्रावरून ताडावें लागतें. यास्तव एकच देश निवडावा. तोहि लहान असावा. आणि लहान नसेल तर त्याचा एकच भाग पाहावा.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. पासपोर्ट हा परदेशप्रवासाचा पहिला दस्तऐवज होय. प्रौढांस तो दहा वर्षांसाठीं मिळतो. लहान मुलांस सामान्यतः पांच वर्षांसाठीं मिळतो, आणि त्याच्या अर्जास आईबापांची संमति लागते. प्रवासाच्या तारखेनंतरहि पासपोर्टाची सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी, अशी पुष्कळ देशांची अट असते. त्यानंतर व्हिसाचा प्रश्न येतो. युरोपांतील शेंगेन देशांच्या व्हिसासाठीं बँकेचे कागद, विमा, मुक्कामाचा पुरावा व बोटांचे ठसे हें सारें आगाऊ द्यावें लागतें, आणि नकार आला तर भरलेलें शुल्क परत मिळत नाहीं. उलटपक्षीं नेपाळ व भूतान या शेजाऱ्यांकडे जाण्यास भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाहीं, आणि प्रौढांस मतदार ओळखपत्रावरहि जातां येतें. मॉरिशससाठींहि भारतीय प्रवाशास आगाऊ व्हिसा काढावा लागत नाहीं. परतीचें तिकीट, राहण्याची सोय व खर्चापुरते पैसे दाखवितां आले पाहिजेत. असले नियम वेळोवेळीं बदलतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं त्या त्या देशाच्या वकिलातीची ताजी सूचना स्वतः वाचावी. ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर विसंबूं नये.

चौथी गोष्ट ऋतूची. शाळेच्या मोठ्या सुट्ट्या दिवाळींत व मे महिन्यांत येतात. मे महिन्यांत आखाती देशांत आपल्याहूनहि कडक ऊन असतें. विषुववृत्ताच्या दक्षिणेस मात्र त्याच वेळीं उन्हाळा ओसरून हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. भूगोलाच्या पुस्तकांत ऋतूंची ही अदलाबदल आपण पाठ करतों. सुट्टीचा बेत करतांना तिचा उपयोग होतो, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं.

पांचवी गोष्ट खर्चाची, आणि ती पालकवर्गास विशेषेंकरून सांगावयाची आहे. एका कागदावर विमानभाडें, मुक्काम, जेवणखाण, तेथील मोटारभाडें, कागदपत्रें व विमा, आणि अडीअडचणीसाठीं राखीव रक्कम, अशीं सहा कलमें लिहावीं. हा कागद मुलांच्या देखत लिहावा. आईबापांचा पैसा कोणत्या वाटेनें जातो, हें त्यांस कळलें पाहिजे. बेरीज सांठविलेल्या पैशांत बसली तर जावें. न बसली तर आणखी एकदोन वर्षें थांबावें. सहलीसाठीं कर्ज काढूं नये अथवा घरांतील डाग गहाण ठेवूं नये. सहल सात दिवसांत संपते. हप्ते सात दिवसांत संपत नाहींत.

हे पांच हिशेब कोणीहि शहाणा मनुष्य करील. सहावी गोष्ट मात्र हिशेबाची नव्हे, आणि आमच्या मतें तीच निर्णायक आहे. ज्या देशाशीं आपला कांहीं धागा आधींच जोडलेला असतो, तो देश पांच दिवसांतहि पुष्कळ देतो. असा धागा नसला तर महिनाभर राहूनहि आपण केवळ प्रेक्षकच राहतों. कुरकुंभच्या मुलामुलींनीं आपल्या परिसराकडे नीट पाहिलें, तर असे तीन धागे एकाच बेटाकडे जातांना दिसतील. तें बेट म्हणजे हिंदी महासागरांतील मॉरिशस.

पहिला धागा दगडाचा. आपल्या माळावर थोडें खणलें कीं काळा कातळ लागतो. हा बेसाल्ट नांवाचा अग्निजन्य खडक असून, सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर आलेल्या लाव्हाचे थरांवर थर थिजून दख्खनचें पठार बनलें. भूशास्त्रज्ञांचें मत असें कीं, ज्या खोल उष्णस्थानांतून हा लाव्हा आला, तें जवळजवळ आपल्या जागींच राहिलें, आणि त्यावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. पुढें त्याच उष्णस्थानानें समुद्राच्या तळावर एकामागून एक बेटांचे पाये घातले : प्रथम लक्षद्वीप व मालदीव, नंतर छागोस, आणि सुमारें ८० लाख वर्षांपूर्वीं मॉरिशस. आज तें मॉरिशसच्या नैर्ऋत्येस असलेल्या रेयुनियन बेटाखालीं आहे, व तेथील ज्वालामुखी अद्यापि जागा आहे. म्हणजे आपल्या घरांतील पाटावरवंट्याचा दगड आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावरील काळा खडक हे एकाच चुलीवरचे. आपला आधीं उतरला, त्यांचा मागाहून.

दुसरा धागा उसाचा. कुरकुंभहून उत्तरेस भीमेकडे गेलें, कीं दोहों बाजूंस उसाचे मळे लागतात. मॉरिशसमध्यें ऊस प्रथम डच लोकांनीं १६३९ सालीं जावा बेटांतून आणला. पुढें फ्रेंचांच्या अमलांत व १८१० पासून इंग्रजांच्या अमलांत तेथें उसाचे मळे वाढत गेले. त्यांवर आफ्रिका व मादागास्कर येथून धरून आणलेले गुलाम राबत असत. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. गुलाम जाणार हें दिसूं लागतांच मळेवाल्यांनीं भारताकडे नजर वळविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलस’ नांवाच्या जहाजांतून ३६ भारतीय मजूर कलकत्त्याहून येऊन पोर्ट लुई बंदरांत उतरले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय स्त्रीपुरुष तेथें नेण्यांत आले. ते करारावर अंगठा करून जात. करार बहुधा पांच वर्षांचा असे, आणि सुरुवातीच्या करारांत पुरुषाचा पगार महिना पांच रुपये होता. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचें त्यांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें, आणि त्यांस गिरमिटिये म्हणूं लागले. शेतांत जागोजाग असलेले ज्वालामुखीचे दगड हातांनीं वेंचून मजुरांनीं रचलेले उंच ढीग मॉरिशसच्या उसाच्या फडांत आजहि पाहावयास मिळतात.

येथें विद्यार्थ्यांनीं थोडें थांबून विचार करावा. आपल्याकडे गळिताच्या हंगामांत बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेऊन, पाचटाच्या कोप्या करून, लहान मुलांसह त्या फडांत राहतात. गिरमिट व उचल या दोन गोष्टी एकच नव्हेत. काळ निराळा, कायदा निराळा, आणि हंगाम संपला म्हणजे ही माणसें आपल्या गांवीं परत जातात. तरीहि आगाऊ बांधल्या गेलेल्या माणसाचें जिणें कसें असतें, त्याच्या मुलांच्या शाळेचें काय होतें, हा प्रश्न दोन्हीकडे उभा राहतो. असा प्रश्न मनांत घेऊन मॉरिशसला गेलेल्या मुलास तेथील प्रत्येक मळा कांहीं तरी सांगेल. आणि परत आल्यावर आपल्या रस्त्यानें जाणारी उसाची बैलगाडीहि त्यास निराळी दिसेल.

तिसरा धागा भाषेचा. मजुरांचीं जहाजें मुख्यतः कलकत्ता व मद्रास येथून सुटत. परंतु मुंबई बंदरांतूनहि तीं सुटलीं, आणि त्यांतून कोंकणांतील व इतर भागांतील मराठी माणसें तेथें गेलीं. त्यांचे वंशज आज मॉरिशसचे नागरिक आहेत. त्यांची संख्या फार नाहीं. पण गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोंकणांतील जाखडीचा नाच तेथें ‘झाकरी’ या नांवानें जिवंत आहे. तेथील शाळांतून मराठी हा एक ऐच्छिक विषय आहे, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत मराठीच्या उच्च शिक्षणाचीहि सोय आहे. मात्र रस्त्यांत पावलोपावलीं मराठी ऐकूं येईल, अशा अपेक्षेनें कोणी जाऊं नये. तेथील नित्याची बोली क्रिओल, वर्तमानपत्रें बहुशः फ्रेंच, आणि राज्यकारभाराची भाषा इंग्रजी. चारपांच पिढ्यांनंतर घरांतील भाषा किती टिकते व कशाच्या बळावर टिकते, हें पाहणें हाच तेथील मोठा धडा होय. ज्या मुलांस आपली मातृभाषा फुकट मिळालेली आहे, त्यांनीं ती कष्टानें राखणारीं माणसें एकदां पाहावीं.

आतां पूर्वीं सांगितलेले पांच हिशेब या बेटास लावून पाहूं. मुंबईहून मॉरिशस सुमारें ४,७०० किलोमीटर असून विमानास साधारण सहासाडेसहा तास लागतात. तेथील घड्याळ आपल्या मागें अवघा दीड तास आहे. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणें जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याच्याहि आंत. त्यामुळें एका ठिकाणीं मुक्काम ठेवून रोज नव्या दिशेस जाऊन सायंकाळीं परततां येतें. कुरकुंभ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेअठरा अंशांवर आहे, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर. म्हणून आपल्या मे महिन्यांत तेथें हवा सौम्य असते. चक्रीवादळांचा काळ साधारणतः नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो, तो टाळावा. खर्च नेपाळ किंवा श्रीलंका यांच्यापेक्षां अधिक येतो, हें मात्र आधींच मान्य केलें पाहिजे.

पांच दिवसांत काय पाहावें ? पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट प्रथम पाहावा. जहाजांतून उतरलेले मजूर ज्या १६ दगडी पायऱ्या चढून नव्या देशांत शिरत, त्या पायऱ्या तेथें जपून ठेवल्या आहेत. २००६ सालीं या स्थळाचा जागतिक वारशांत समावेश झाला. त्याच शहरांतील संग्रहालयांत डोडो पक्ष्याचा सांगाडा आहे. हा न उडणारा पक्षी केवळ याच बेटावर होता, आणि माणसाच्या आगमनानंतर शंभर वर्षांच्या आंत, सतराव्या शतकांतच, नाहींसा झाला. टपालतिकिटें जमविणाऱ्यांस १८४७ सालचीं मॉरिशसचीं दुर्मिळ तिकिटें ब्लू पेनी संग्रहालयांत आहेत, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. पांपलमूस येथें अठराव्या शतकांतील वनस्पतिउद्यान व त्याच्या जवळच जुन्या साखर कारखान्यांत उभारलेलें उसाचें संग्रहालय आहे. नैर्ऋत्येच्या टोंकास ल मोर्न नांवाचा उभा डोंगर आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्यांत आश्रय घेत. २००८ सालीं त्यासहि जागतिक वारशाचा मान मिळाला. मजुरांचा घाट व गुलामांचा डोंगर हीं दोन्ही स्थळें पाहिल्यावांचून या बेटाची साखर कोणाच्या घामाची, हें कळत नाहीं. एक संबंध दिवस समुद्रासाठीं ठेवावा. प्रवाळाच्या बांधामुळें किनाऱ्याजवळचें पाणी पुष्कळ ठिकाणीं शांत असतें. रात्रीं आकाशाकडे पाहण्यास विसरूं नये. आपला ध्रुवतारा तेथें क्षितिजाखालीं राहतो. मात्र आपल्याकडे दक्षिणेस खालीं टेंकलेला त्रिशंकु तेथें मे महिन्याच्या संध्याकाळीं डोक्याकडे वर चढलेला दिसतो. पृथ्वी गोल आहे हें पुस्तकांत वाचणें निराळें व ध्रुव हरवलेला पाहणें निराळें.

सर्वांनीं मॉरिशसच निवडावें, असा आमचा आग्रह नाहीं. ज्याचा मामा दुबईस कामावर आहे, त्याचा धागा दुबईकडे जातो; मामा कोठें राहतो, कसा राबतो, हें त्यानें अवश्य पाहावें. ज्याच्या घरांत बुद्धचरित्राचें वाचन चालतें, त्यास नेपाळांतील लुंबिनी जवळ आहे व खर्चहि थोडा आहे. ज्यास यंत्रांची आवड आहे, त्यानें यंत्रें जेथें बनतात तो देश धुंडाळावा. आणि ज्या घरीं परदेशप्रवास तूर्त शक्य नाहीं (अशीं घरें आपल्याकडे पुष्कळ आहेत), तेथील मुलांनीं खिन्न होण्याचें कारण नाहीं. निवड करण्याचा अभ्यास नकाशा, एक वही व शाळेचें वाचनालय एवढ्यावर पुरा होतो, आणि पुढें प्रवासाची संधि आली तर तो वायां जात नाहीं. केडगांव तर आगगाडीच्या वाटेवरच आहे. जगाचा प्रवास करून परतलेल्या एका स्त्रीनें परत आल्यावर काय उभारलें, हें पाहण्यास पासपोर्ट लागत नाहीं.

आपण सात दिवसांसाठीं जाऊं तेव्हां आपल्या खिशांत परतीचें तिकीट असेल. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढलेल्यांपैकीं बहुतेकांस पुन्हां आपलें गांव दिसलें नाहीं. त्यांच्या नातवंडांनीं व पतवंडांनीं तेंच बेट आपला देश केला, आणि १२ मार्च १९६८ रोजीं तो स्वतंत्र झाल्याचें पाहिलें. परतीचें तिकीट ही केवढी मोठी गोष्ट आहे, एवढें कळलें तरी त्या आठवड्याचा खर्च भरून निघेल. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, या सुट्टींत जगाचा नकाशा उघडा, एका देशावर बोट ठेवा, आणि तेथें जाऊन जो प्रश्न विचारावयाचा तो वहींत एका वाक्यांत लिहा. वाक्य लिहितां आलें, तर तो देश तुमचा. न आलें, तर बोट पुढें सरकवा. आईवडिलांजवळ हट्ट धरण्यापूर्वीं तें वाक्य त्यांस वाचून दाखवा.